मुलगी कॉलेजात आणि आईला दिवस

(पत्र थोडं कमी करून छापत आहोत.)

डॉक्टरताई, नाव-गाव छापू नका. वय ४३, तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरी. मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, मुलगा बारावीला. सासूबाई आमच्याकडेच असतात, हे त्यांचं सहावं, शेंडेफळ. यंदा गौरी जेवायच्या दिवशीच माझी पाळी आली आणि मला बाजूला बसावं लागलं. पुढची ऐन नवरात्रात यायची, ती आलीच नाही. घटाचं सगळं करता आलं म्हणून उलट बरंच वाटलं. मनात म्हटलं, पाळी जायची वेळ आली. परवा सकाळी मळमळायला लागलं तेव्हा किट आणून पाहिलं. दोन रेघा.

पूर्वी तांबी होती. अंगावरून फार जायचं म्हणून नऊ वर्षांपूर्वी काढली. तेव्हापासून हे सांभाळून असायचे आणि इतकी वर्षं काही झालं नाही. आता म्हणतात, लोक हसतील, मुलीच्या स्थळांना काय सांगायचं? दिवाळी होऊ दे, मग मेडिकलवाल्या मित्राकडून गोळ्यांचं किट आणतो. दोन दिवस बाहेरच्या खोलीत झोपतायत. मी एकटीच इथल्या एका दवाखान्यात गेले, तर तिथल्या बाई म्हणाल्या, नवऱ्याची सही आणा, आणि सोबत ऑपरेशन करून घेणार असाल तरच करू.

त्यात दिवाळीला आलेल्या मुलीला कचऱ्याच्या डब्यात ते किट दिसलं. धरणी दुभंगावी असं झालं मला. ती मात्र शांतपणे म्हणाली, "आई, किती आठवडे झाले? नऊच्या आत असेल तर गोळ्यांनी होतं. बाबांची सही लागत नाही. आणि ठेवायचं असेल तरी तू ठरव." तेव्हापासून दुसरीच काळजी लागली आहे. हिला एवढं कसं माहीत? आमच्या वेळी असलं काही नव्हतं. काय करू? आज वसुबारस आहे.

---

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वसुबारसेच्या रात्रीच वाचलं आणि तातडीचं होतं तेवढं तासाभरात ईमेलने कळवलं. छापायला तुम्ही परवानगी दिलीत, म्हणून आता बाकीचं सविस्तर. तातडीचंही पुन्हा लिहिते, कारण तुमच्यासारख्या आणखी कोणी तरी हे वाचत असतील आणि त्यांचीही "दिवाळी होऊ दे" चालली असेल.

आधी दिवस मोजू. गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. संबंध कधी आला, किट कधी केलं, याच्याशी त्या मोजणीचा काही संबंध नाही. गौरी जेवायच्या दिवशी बाजूला बसावं लागलं हा तुमच्या घरचा रिवाज मला आवडो न आवडो, त्याने तारीख मात्र पक्की मिळाली. गौरीपूजनापासून वसुबारसेपर्यंत जवळपास सात आठवडे होतात. म्हणजे पत्र लिहिलंत त्या दिवशी सात पुरे होत आले होते. दिवाळी, भाऊबीज, मग माहेर, मग मुलगी परत गेल्यावर निवांत, असं करता करता नऊ कधीच उलटतात. आपल्याकडे डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्यांनी गर्भपात करायची मर्यादा नऊ आठवड्यांची आहे. मुलीने सांगितलेला आकडा बरोबर होता.

मेडिकलवाल्या मित्राचं किट नको. गोळ्या वाईट आहेत म्हणून नव्हे. मिफेप्रिस्टोन आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल, ही जोडी जगभर वापरतात आणि नीट वापरली तर भरवशाची आहे. पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देणं बेकायदा आहे आणि त्यामागे कारण आहे. गर्भ पिशवीत आहे की नळीत अडकलाय, हे किटच्या दोन रेघा सांगत नाहीत. नळीतला गर्भ या गोळ्यांनी जात नाही. तो नळी फोडतो आणि पोटात रक्तस्राव होतो. अशा बाया मी मध्यरात्री ऑपरेशनला घेतल्या आहेत. सोबत आलेला नवरा दर वेळी एकच सांगायचा, "गोळ्या घेतल्यात, म्हणून रक्त जातंय." तुम्हाला तर वर्षानुवर्षं अंगावरून जास्त जायचं. म्हणजे हिमोग्लोबिन आधी बघायला हवं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही पहिल्या भेटीतच सांगा. आणि गोळ्या घेतल्यावर तासाला दोन पॅड पूर्ण भिजतायत, असं सलग दोन तास झालं, तर "बघू सकाळी" म्हणायचं नाही. तसंच उठून दवाखाना गाठायचा.

नऊ आठवडे उलटले तरी आकाश कोसळत नाही. बाराव्या आठवड्यापर्यंत पिशवी साफ करणं साधं असतं. बायका अजून त्याला क्युरेटिंग म्हणतात, पण आता खरवडत नाहीत, नळीने ओढून घेतात, काही मिनिटांचं काम. "खरवडूनच करतो" म्हणणारा दवाखाना असेल तर मी दुसरा शोधीन.

आता त्या बाईंनी घातलेल्या दोन अटी. १९७१ चा कायदा आहे आणि त्यात २०२१ मध्ये सुधारणा झाली. सज्ञान स्त्रीच्या गर्भपाताला तिची एकटीची संमती पुरते. नवऱ्याची, सासऱ्याची, कोणाचीच सही लागत नाही. वीस आठवड्यांपर्यंत एका अधिकृत डॉक्टरांचं मत पुरेसं असतं. कुटुंबनियोजनाचं साधन किंवा पद्धत फसली, हे कायद्याने मान्य केलेलं कारण आहे. "सांभाळून असणं", म्हणजे ऐन वेळी बाजूला होणं, हीसुद्धा पद्धतच. ऑपरेशन करून घेणार असाल तरच, ही अट मात्र निव्वळ दवाखान्याच्या मनची आहे, ती घालता येत नाही. हे मी सांगतेय, पण त्या बाईंशी कायद्याचा वाद घालायला तुम्ही जाऊ नका. त्यात आठवडा जाईल. सरळ जिल्ह्याच्या ठिकाणी जा, सरकारी रुग्णालयात हे विनामूल्य होतं. ओळखीचं कोणी भेटेल अशी धास्ती असेल तर पुण्याला जा. तुमचं नाव बाहेर फोडणं हा त्याच कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

एवढं ईमेलमध्ये होतं. शेवटी मी एक प्रश्न विचारला होता, तो इथेही विचारते. तुमच्या तीन पानी पत्रात नवऱ्याला काय वाटतं ते आहे. मुलीच्या स्थळांना, दवाखान्यातल्या बाईंना काय वाटतं, तेही आहे. तुम्हाला काय हवंय, हे एकदाही आलेलं नाही. तुम्हाला हे मूल नकोच असेल असं मी गृहीत धरत नाही. चाळिशीनंतर निरोगी बाळं होतात, भरपूर होतात. साखर आणि रक्तदाब वाढायची शक्यता जास्त असते. डाउन सिंड्रोमची शक्यता चाळिशीला साधारण शंभरात एक, आणि पुढे दर वर्षी वाढत जाते. त्यासाठी अकराव्या ते तेराव्या आठवड्यात सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी असते. बारावीच्या मुलाच्या परीक्षा चालू असताना तुम्हाला नववा महिना लागणार नाही, हेही मोजून पाहिलंय मी. मे-जून पडेल. ठेवायचं असेल तर ठेवा, नको असेल तर नको. फक्त लाज वाटते म्हणून दोन्हीपैकी काही करू नका.

त्या लाजेबद्दल थोडं बोलू, कारण ती मला मोठी गमतीची वाटते.

तुम्ही सहज लिहून गेलात, हे सासूबाईंचं सहावं, शेंडेफळ. सासूबाईंचं त्या वेळी वय काय होतं, विचारा एकदा. मला वाटतं चाळिशीच्या आसपास येईल. त्यांच्या थोरल्या मुलीचं तोवर लग्नसुद्धा झालेलं असेल. माझ्या घरची गोष्ट सांगते. माझी आई माझ्या वेळी बाळंतपणाला माहेरी गेली, तेव्हा आजीलाही दिवस होते. माझा धाकटा मामा माझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान. आम्ही शाळेत एकाच बाकावर बसायचो आणि त्याला मामा म्हणायची मला लाज वाटायची. आजीला कसलीच वाटली नाही. गावात कोणी हसलं नाही. सासू-सून एकाच वर्षी बाळंतीण, एकाच पातेल्यातला डिंकाचा लाडू, हे घरोघरी होतं. भाच्याहून लहान मामा नाही असं घर आमच्या आळीत सापडलं नसतं.

मग ४३ व्या वर्षी दिवस जाण्याची लाज आली कुठून? परंपरेतून नक्कीच नाही. ती माझ्या हयातीत आली, डोळ्यांदेखत. १९५२ साली सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला. पुढे लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर आला. "दो या तीन बच्चे बस", मग "हम दो हमारे दो". बाईचा जन्म बाळंतपणात जायचा, तो वाचला. याबद्दल मी त्या त्रिकोणाला कधीही नावं ठेवणार नाही. पण त्यातून आपण एक न लिहिलेला नियमही उचलला. दोन मुलं झाली, शाळेत गेली, की नवरा-बायकोचं ते प्रकरण संपलं. निदान संपल्यासारखं दिसायला हवं. मुलगी वयात आली की आईने गाऊन सोडून साडीत झोपायचं. कार्यक्रमाने मुलं किती हवीत ते शिकवलं. नवरा-बायकोत मुलं होण्याखेरीज आणखी काही असतं, आणि ते पन्नाशीतही असू शकतं, हे शिकवायचं राहून गेलं. तुमच्या यजमानांना लोक हसतील असं वाटतंय ते मुलासाठी नाही. वीस-बावीस वर्षांच्या संसारानंतरही तुमचं दोघांचं बरं चाललंय, याचा पुरावा पोटावर दिसणार, म्हणून. मला तर ती अभिनंदन करण्यासारखी गोष्ट वाटते. असो.

आणि "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" हे तर सपशेल चूक. र. धों. कर्वे विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. या उद्योगापायी नोकरी गेली. १९२७ पासून १९५३ साली जाईपर्यंत ते 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत होते. बाईलाही कामसुखाचा हक्क आहे, असं ते तेव्हा छापत होते. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. म्हणजे मी आत्ता करतेय तेच काम. कर्व्यांच्या बाजूने वकील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. ते खटला हरले. पण मला आज हे लिहिल्याबद्दल कोर्टात जावं लागणार नाही, ते त्यांच्यामुळेच. तेव्हा माहिती होती, बाई. आपल्यापर्यंत पोचू दिली नाही, एवढंच.

मुलीपर्यंत ती पोचली. हिला एवढं कसं माहीत, याची दोन उत्तरं असू शकतात. मोबाइलवर वाचलं असेल, होस्टेलमधल्या मैत्रिणीसोबत दवाखान्यात गेली असेल. नाहीतर तिला स्वतःला गरज पडली असेल. कोणतं खरं, ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. आणि दोन्हींत तुम्ही वागायचं सारखंच आहे. तिची बॅग तपासू नका. "तुला कसं गं माहीत?" असं वकिली आवाजात विचारू नका. तो दरवाजा एकदा बंद झाला की उघडत नाही.

मी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा अविवाहित मुली उसनं मंगळसूत्र घालून यायच्या. ओळखायला यायचं. नवऱ्याचं नाव विचारलं की क्षणभर थांबायच्या, मग सांगायच्या. काळे मणी नवेकोरे आणि डोळे जमिनीवर. बऱ्याच जणी उशिरा यायच्या, कारण मंगळसूत्र कुठून मिळवायचं यातच पंधरा दिवस जायचे. काही जणी कुणा बाईकडून काही तरी करून घेऊन मग यायच्या, ताप अंगात घेऊन. त्यांतल्या एकीच्या आईचा चेहरा मला अजून आठवतो. "मला सांगितलं असतं तर," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

आता येणाऱ्या मुली सरळ विचारतात, कोणती गोळी, किती दिवस, उलटी झाली तर काय. सगळ्याच नाहीत. उसनं मंगळसूत्र अजूनही एखादीच्या गळ्यात दिसतंच. कायदा मात्र पुढे गेला आहे. २०२१ च्या सुधारणेत साधन फसल्याच्या कारणातला "विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा" हा उल्लेख जाऊन "स्त्री किंवा तिचा जोडीदार" असा आला. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वीस ते चोवीस आठवड्यांची जी सवलत काही स्त्रियांना आहे, त्यातून केवळ अविवाहित म्हणून कोणाला वगळता येणार नाही. तुमच्या लेकीला हे तुमच्याआधी कळलं असण्याचीच शक्यता जास्त.

तिच्याशी बोलायचंच असेल तर तुमच्यापासून सुरुवात करा. तिने तुमची लाज ठेवली, आरडाओरडा केला नाही, त्याबद्दल बरं वाटलं असं सांगा. मग एवढंच म्हणा, की तुला कधी अशी वेळ आली तर मला फोन कर, मी आधी येईन, बोलणी मागाहून. जमलं तर एक गोष्ट तिच्या कानावर घाला, ती मुलींना हमखास चुकीची माहीत असते. बहात्तर तासांच्या आत घ्यायची जी गोळी मिळते, ती गर्भ राहू नये म्हणून आहे. राहिलेला गर्भ तिने पडत नाही. जितक्या लवकर घ्यावी तितकी बरी, आणि दर महिन्याला घ्यायची गोळी ती नव्हे. रोगांपासून तर ती काहीच वाचवत नाही, त्याला निरोधच हवा. हे बोलताना तुमचे कान लाल होतील. होऊ द्यात.

राहता राहिले यजमान आणि त्यांचं ते नऊ वर्षांचं सांभाळणं. जी जोडपी फक्त याच भरवशावर असतात, त्यांतल्या शंभर जणींपैकी साधारण वीस जणींना वर्षभरात दिवस जातात. तुमचं नऊ वर्षं निभावलं ते नशिबाने आणि काही अंशी वयाने. निर्णय कोणताही घ्या, पुढची सोय त्याच दिवशी ठरवा. पाळी मागेपुढे व्हायला लागली म्हणजे सुटलो, असं नसतं. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष साधन वापरायला लागतं.

पिशवी साफ केली तर तांबी त्याच वेळी बसवता येते. साध्या तांबीने तुम्हाला जास्त जायचं, तर हार्मोनची मिळते, तिने उलट कमी होतं. ती महाग आहे. सरकारी दवाखान्यात तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन आणि छाया गोळ्या फुकट मिळतात. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. लखनौच्या आपल्या सरकारी संशोधन संस्थेत शोधलेलं औषध आहे आणि त्यात हार्मोन नाही. तुमचा रक्तदाब आणि अंगावर जाण्याचा इतिहास बघून डॉक्टर ठरवतील.

पण मला विचाराल तर या वेळी पाळी यजमानांची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के जणींचं ऑपरेशन झालेलं होतं. नवऱ्याची नसबंदी झालेल्या ०.३ टक्के. पोट उघडायचं तर बाईचं, हे आपण इतकं पचवलंय की त्या दवाखान्यातल्या बाईंनीसुद्धा अट घातली ती तुम्हाला, नवऱ्याला नाही. आणीबाणीत, १९७६ साली, पुरुषांना गाड्यांत घालून नेलं, त्याची धास्ती एक पिढी राहिली हे मला समजतं. पण तुमचे यजमान तेव्हा पाळण्यात तरी होते का? आता बिनटाक्याची नसबंदी होते. भूल तेवढ्या जागेपुरती, वीस मिनिटांत बाहेर, त्याच दिवशी घरी. ताकद जात नाही, इच्छा जात नाही, काही दिवस जड उचलायचं नाही, एवढंच पथ्य. ते बाहेरच्या खोलीत झोपतायत तिथे चहा घेऊन जा आणि हे वाचायला द्या. ते चिडलेत असं तुम्हाला वाटतंय. मला ते घाबरलेले वाटतात.

नसबंदी लगेच लागू पडत नाही. तीन महिने थांबून वीर्याची तपासणी करून घ्यायची आणि तोवर निरोध वापरायचा. हे त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पुढच्या गौरीला मला पुन्हा पत्र येईल.